‘निबर’ पोरांचं काय करायचं?

वाकड, थेरगाव, काळेवाडी या पट्ट्यात राहणाऱ्याला एक बातमी तोंडपाठ झालेली असते. रात्री दोन-तीन दुचाकींवरून टोळकं आलं, कोयते नाचवले, रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्या, ‘इथले भाई आम्हीच’ अशी आरोळी ठोकून पसार झालं. बातमीचा शेवटही ठरलेला: दोघांना अटक, एक विधिसंघर्षित बालक ताब्यात. त्या बालकाचं नाव छापता येत नाही आणि छापूही नये. अडचण अशी की नावाबरोबर त्याची पुढची गोष्टही गडप होते. तो सुधारला की बिघडला, हे ना काच फुटलेल्या गाडीच्या मालकाला कळतं, ना बातमी वाचणाऱ्याला.

मग ती पोकळी मतांनी भरून निघते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पक्ष म्हणतो, ही पोरं निबर झालीत, यांना फोडूनच काढलं पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, परिस्थितीचे बळी आहेत बिचारे. दोघांचंही त्या पोराच्या स्वभावाबद्दल काही ठाम म्हणणं असतं आणि त्यावरून उपाय काय करावा, याचंही. अल्पवयीन गुन्हेगारांचा स्वभाव आणि त्यांच्यावरच्या उपचारांचं फलित यांचं नातं काय, यावर गेल्या साठेक वर्षांत जगभर पुष्कळ काम झालं आहे. त्यातून हाती आलेलं उत्तर दोन्ही पक्षांना फारसं सोयीचं नाही.

आधी त्या पोराची वाट पाहू. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर उभं करावं लागतं. वाकडच्या मुलासाठी हे मंडळ म्हणजे वीसेक किलोमीटरवरचं येरवडा. तिथं पंडित जवाहरलाल नेहरू उद्योग केंद्राच्या आवारात निरीक्षणगृह आहे, लोकांच्या तोंडी अजूनही ‘रिमांड होम’. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली एक तरी महिला. परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरी, शाळेत, वस्तीत जाऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. बाप काय करतो, पोरानं शाळा कधी सोडली, नशा कसली, मित्र कोण, मार कोणाचा खाल्ला, असं सगळं त्यात यायला हवं. त्यावरून मंडळ समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह यांपैकी काय ते ठरवतं. कायद्यात ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्वच लिहिलेलं आहे.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कार प्रकरणानंतर या चौकटीत एक नवं दार बसवलं गेलं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ नुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा, आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं. असा गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम त्याला समजत होते का, कोणत्या परिस्थितीत घडलं? त्यावरून खटला प्रौढासारखा चालवायचा की नाही, याचा निर्णय. मुदत तीन महिने. कायद्यात मानसशास्त्रज्ञाची मदत ‘घेता येईल’ असं होतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळावर बालमानसशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल, तर ही मदत घ्यावीच लागेल.

म्हणजे आपल्या व्यवस्थेत मानसशास्त्रज्ञाला सगळ्यात जास्त वजन येतं ते दारात: या मुलाला आत घ्यायचं की मोठ्यांच्या न्यायालयाकडे पाठवायचं. आत घेतल्यावर त्याच्या स्वभावाचं काय करायचं, हा प्रश्न मागे पडतो. मला या सगळ्यात हेच उलटं वाटतं.

स्वभाव म्हणजे काय मोजायचं, यावर मानसशास्त्रात बराच घोळ घालून झाला आहे. हान्स आयझेंक यांनी १९६४ मध्ये गुन्हा आणि व्यक्तिमत्त्व यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की काही माणसांच्या मनात शिक्षेची भीती लवकर रुजत नाही. पुढे व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे पैलू मानण्याची पद्धत रुळली आणि अनेक अभ्यास एकत्र केल्यावर समाजविघातक वागण्याशी दोन पैलूंची जवळीक वारंवार दिसली: जुळवून घेण्याची वृत्ती कमी आणि कामातली नेटकी चिकाटी कमी. त्यात न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या अभ्यासाने भर घातली. तिथं १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. जी मुलं चटकन भडकतात, जगाकडे संशयाने बघतात आणि स्वतःला आवरू शकत नाहीत, ती गुन्ह्यांत जास्त सापडतात, असं तिथं दिसलं. ‘तापट आणि उतावळा’ एवढंच आपण म्हटलं असतं.

याच अभ्यासाच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये एक भेद मांडला, तो वाकडच्या बातमीला चपखल लागू पडतो. काही थोडी मुलं लहानपणापासूनच मारकुटी असतात आणि मोठेपणीही तशीच राहतात. पण बहुसंख्य मुलं फक्त किशोरवयात वाकड्या वाटेला जातात आणि विशीत आपोआप परततात. तेराव्या वर्षी मिशी फुटते, पण कमाई, मान, स्वातंत्र्य यांना अजून आठ-दहा वर्षं असतात. मधल्या काळात मोठं झाल्याचं सोंग आणायला कोयता हा स्वस्त मार्ग. ज्या गावाचं शेत गेलं, टॉवर आले, हिंजवडीचा रस्ता आला, तिथं शेजारच्या पत्र्याच्या खोलीतल्या पोराला हे अंतर रोज खिडकीतून दिसतं. (परवडत नाही ती गाडी फोडता येते, असा सरळ हिशेब मात्र मी मांडणार नाही. पुष्कळदा फुटलेली गाडी शेजारच्याच रिक्षावाल्याची असते.)

घोळक्याचा भाग वेगळा. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी किशोरांना आणि प्रौढांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर किती पुढं रेटायचं, हा त्यातला जुगार. एकटे असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा फारशी वेगळी वागली नाहीत. मित्र बघत असताना मात्र त्यांचा धोका पत्करण्याचा कल कितीतरी वाढला. प्रौढांचा वाढला नाही. दुचाकीवर तिघं आणि हातात मोबाईल, स्टेटसला टाकायचा व्हिडिओ चालू, म्हणजे बघणारे मित्र तीनशे. अशा वेळी त्या रात्रीच्या कृत्यावरून मुलाचा ‘स्वभाव’ ठरवणं म्हणजे गर्दीची उंची एका माणसाच्या नावावर लिहिणं.

तरीही त्या टोळक्यात एखादा खरोखर वेगळा असतो. समोरचा घाबरला, रडला, रक्त आलं, तरी ज्याच्या चेहऱ्यावर रेष हलत नाही, पश्चात्ताप नाही, शिक्षेचं काही वाटत नाही. पॉल फ्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भावशून्य, निष्ठुर लक्षणांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्यांना वेगळी नोंदही मिळाली. अशा मुलांना भेदरलेला चेहरा दाखवला तर मेंदूतला भीती टिपणारा भाग इतरांइतका चेततच नाही, असं मेंदूच्या प्रतिमांमध्येही दिसलं. आपल्या पोलीस ठाण्यातला अनुभवी हवालदार अशा मुलाला लगेच ओळखतो. त्याचा शब्द ‘निबर’.

यावर अनेक वर्षं एक समजूत होती, तज्ज्ञांमध्येसुद्धा: अशांवर उपचार फुकट, उलट त्यांना माणसं फसवायची जास्त कौशल्यं मिळतात. ही समजूत बऱ्याच अंशी प्रौढ कैद्यांवरच्या अनुभवातून आलेली होती. तिला सगळ्यात मोठा धक्का बसला तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात.

तिथं मेंडोटा नावाचं बालकांसाठीचं उपचार केंद्र १९९५ मध्ये सुरू झालं. राज्याच्या सुधारगृहांत जी मुलं कुणालाच आवरत नव्हती, त्यांना इथं पाठवायचे. कडेकोट तर होतंच, पण कारभार मनोरुग्णालयाकडे. विभाग लहान, प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि बरोबर मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, मानसोपचारतज्ज्ञ. विचार असा की मुलगा उर्मटपणा करतो, व्यवस्था त्याला शिक्षा देते, शिक्षेने तो आणखी उर्मट होतो, आणि या चक्रात शेवटी त्याच्याकडे उर्मटपणाशिवाय काहीच उरत नाही. ते चक्र सैल करायचं. त्यासाठी एक साधी पद्धत होती. आज तो कसा वागला, यावर उद्या त्याला काय मिळेल हे ठरायचं. हिशेब रोजचा. कालचं पाप आज डोक्यावर नाही. आज शिव्या दिल्या तर उद्याचा खेळाचा वेळ गेला, पण परवाचा अजून हातात आहे.

मायकेल काल्डवेल आणि सहकाऱ्यांनी तिथून बाहेर पडलेल्या मुलांचा न्यायालयीन नोंदींतून माग काढला. २००६ च्या एका अभ्यासात निष्ठुरतेचे गुण खूप जास्त असलेली १४१ मुलं होती. नेहमीच्या सुधारगृहात परत गेलेली मुलं सुटकेनंतर दोन वर्षांत मेंडोटातल्या मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात हिंसक गुन्ह्यांत सापडली. त्याहून मोठ्या, २४८ मुलांच्या गटात पुढच्या काही वर्षांत नेहमीच्या सुधारगृहातल्या मुलांच्या हातून सोळा माणसं मेली. मेंडोटातल्या मुलांच्या हातून एकही नाही. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता, मुलांची विभागणी संस्थेच्या सोयीने झाली होती. संशोधकांनी आकडेशास्त्राने तो फरक भरून काढायचा प्रयत्न केला आहे. तेवढी सावधगिरी ठेवूनही निष्कर्ष लहान नाही. खर्चाचा हिशेबही त्यांनी मांडला: जास्तीचा एक डॉलर खर्च केला तर पुढच्या गुन्ह्यांचे, तुरुंगांचे सातेक डॉलर वाचले.

पुढच्याच वर्षीच्या अभ्यासात आणखी एक बारीक गोष्ट निघाली. आत येताना मुलाला निष्ठुरतेचे किती गुण पडले, यावरून तो उपचाराच्या अखेरीस कसा वागेल हे सांगता येत नव्हतं. उपचार किती काळ झाला, यावरून येत होतं. म्हणजे ‘निबर’ ही चिठ्ठी डोस किती लागेल ते सांगते. औषध द्यायचं की नाही, हे ठरवायला ती निरुपयोगी आहे. आणि आपण नेमकी तिथंच ती वापरतो.

शिक्षा न लागणाऱ्या मुलाला लागतं तरी काय? ऑस्ट्रेलियात डेव्हिड हॉज आणि मार्क डॅड्स यांनी चार ते आठ वयाच्या, फार दांडगाई करणाऱ्या मुलांच्या आईबापांना शिकवणी दिली आणि २००५ मध्ये निकाल मांडला. शिकवणीचा पहिला भाग होता चांगल्या वागण्याला बक्षीस देण्याचा. तो निष्ठुर आणि बाकीच्या, दोन्ही प्रकारच्या मुलांवर सारखाच चालला. दुसरा भाग एकांतात बसवण्याच्या शिक्षेचा. तो निष्ठुर मुलांवर फारसा चालला नाही. मेंडोटाने दहा वर्षं आधी सोळा-सतरा वर्षांच्या दांडगटांवर जे केलं, त्याचंच हे छोटं रूप. धाक ज्याच्या आत शिरत नाही, त्याच्यात लालूच शिरते. बापाचा पट्टा आणि ठाण्यातला दम हे दोन्ही ज्याच्यावर वाया गेले, त्याला तिसऱ्यांदा तेच औषध जास्त मात्रेत देण्यात काय अर्थ?

तरी धाकाचा मोह सुटत नाही. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सज्ञान आरोपींची, त्यांनी दहशत माजवली त्याच रस्त्यावरून धिंड काढली जाते. बघणाऱ्या पोरांनी धडा घ्यावा हा हेतू उघड असतो. अमेरिकेने हा धडा पद्धतशीर देऊन पाहिला. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी वाट चुकलेल्या पोरांसमोर उभे राहून त्यांना अंगावर काटा येईल असं दरडावायचे. १९७८ मध्ये त्यावर गाजलेला माहितीपट निघाला आणि ठिकठिकाणी नक्कल झाली. पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून केलेले असे प्रयोग एकत्र तपासले. दरडावलेली मुलं, काहीच न केलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. मार्क लिप्सी यांनी २००९ मध्ये ५४८ अभ्यासगट एकत्र केले, तेव्हाही हेच: शिस्त आणि धाक यांवर उभे कार्यक्रम निरुपयोगी किंवा घातक, समुपदेशन आणि कौशल्य शिकवणारे कार्यक्रम कमी-अधिक उपयोगी.

पण ‘बिचारे’ म्हणणाऱ्या पक्षालाही एक चपराक आहे. बोस्टनजवळ १९३९ ते १९४५ या काळात केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्प चालला. निम्म्या मुलांना वर्षानुवर्षं प्रेमळ समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांना शोधून काढलं. मदत मिळालेल्यांचं भलं झालं नव्हतं. काही बाबतींत ते मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होते. जास्त बिघाड दिसला तो शिबिरांना पुन्हा पुन्हा गेलेल्यांत. १९९९ मध्ये मॅककॉर्ड, थॉमस डिशन आणि एका सहकाऱ्याने याचा उलगडा असा केला की बिघडलेली मुलं एकत्र बसवली की ती एकमेकांच्या फुशारक्यांना हसून दाद देतात, आणि ती दाद समुपदेशकाच्या शब्दांपेक्षा वजनदार ठरते. निरीक्षणगृहात वयानुसार आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार मुलं वेगळी ठेवावीत, असं आपला कायदा म्हणतो ते उगाच नाही. मोबाईल चोरलेला चौदा वर्षांचा मुलगा आणि खुनाच्या गुन्ह्यातला सतरा वर्षांचा मुलगा एका सतरंजीवर जेवले, तर कोण कोणाला शिकवणार?

मग चालतं तरी काय? शिकागोत शाळकरी मुलांसाठी आठवड्यातून एकदा भरणाऱ्या गटाचा एक खेळ मला फार आवडतो. दोन मुलांच्या जोड्या. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याने अर्ध्या मिनिटात तो मिळवायचा. पोरं तुटून पडतात, मनगटं पिरगळतात. मग गटनेता विचारतो, ‘दे’ असं कुणी म्हणून पाहिलं का? सहसा कुणीच म्हटलेलं नसतं. मूठ आवळलेल्या पोराला विचारलं तर तो सांगतो, मागितला असता तर दिला असता की. तिथं शिकवतात ते एवढंच: समोरचा आपल्याला कमी लेखतोय हा समज मनात आपोआप येतो, आणि हात उचलण्याआधी तो तपासता येतो. चिठ्ठ्या टाकून तपासल्यावर कार्यक्रम चालू असतानाच्या काळात हिंसक गुन्ह्यांतल्या अटका साधारण निम्म्यावर आल्या. नंतर हा परिणाम ओसरला, हेही खरं. ‘बघतो काय रागानं’ एवढ्यावरून कोयते निघतात त्या आपल्या चौकांत हा खेळ खेळून बघायला काही हरकत नाही.

मुलाचा स्वभाव वाटतो त्यातला काही भाग आजारही असतो. अतिचंचलतेचा विकार असलेल्या २५ हजारांवर माणसांच्या नोंदी स्वीडनमध्ये तपासल्या गेल्या. औषध चालू असतानाच्या काळात पुरुषांमधले गुन्हे ३२ टक्क्यांनी कमी होते. शाळेतून ‘वात्रट’ म्हणून काढलेल्या किती मुलांना असं निदान कधीतरी झालं असेल? नशेचंही तसंच. त्यासाठी तर लांब जायला नको. डॉ. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण येरवड्यातच आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही. ज्या परिसरात पोराला ठेवायचं, तिथंच त्याच्यावर उपचार करू शकतील अशी माणसं राहतात.

कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या अपघाताने हे सगळं एकदा देशासमोर आलं होतं. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेने दोघांचा जीव घेतला आणि जामिनाच्या अटींतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर देश चिडला. चिडणं रास्तच होतं. पण त्याच अटींत दारू सोडवण्यासाठी डॉक्टरांकडे जाणं आणि मानसोपचार समुपदेशनही होतं. त्याची चर्चा झाली नाही. २५ जूनला उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहातून सोडताना मानसशास्त्रज्ञाची सत्रं चालू ठेवायला सांगितलं. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्याला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी फेटाळली, तेव्हाही चर्चा पुन्हा त्याच दारावर अडली. मोठ्या घरच्या मुलाला मानसशास्त्रज्ञ मिळेलच. प्रश्न काळेवाडीच्या पोराचा आहे.

त्याच्यामागे बहुधा एखादा सज्ञान ‘भाई’ असतो. सतरा वर्षांच्या हाती कोयता दिला की आपण सुटतो, हे गणित तो जाणतो. त्याच्यासाठी याच कायद्यात कलम ८३ आहे: मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. कायदा कडक करा म्हणणाऱ्यांनी जोर लावायचाच असेल तर इथं लावावा.

कारण पोराच्या बाजूने काळ असतो. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स इथल्या गंभीर गुन्ह्यांतल्या १३५४ मुलांचा सात वर्षं माग काढला, तेव्हा सतत गंभीर गुन्हे करत राहिलेली मुलं दहात एकाहूनही कमी निघाली. ज्यांचा आवर, जबाबदारीची जाण आणि पुढचं बघण्याची सवय वाढली, ती बाहेर पडली. संस्थेत जास्त महिने ठेवल्याने वेगळा फायदा दिसला नाही. स्वभाव हलतो, याचा पुरावा इतरत्रही आहे. २०१७ मध्ये दोनशेवर अभ्यास एकत्र केले गेले, तेव्हा सरासरी सहा महिन्यांच्या उपचारांत व्यक्तिमत्त्व मोजण्याइतकं बदललेलं दिसलं. सगळ्यात जास्त बदलली ती भावनांची स्थिरता. चिकाटी आणि जुळवून घेणं त्यामानाने कमी हललं. वाकडच्या पोरात तीच कमी असतात, म्हणून त्याला सहा महिने पुरणार नाहीत, घर आणि गल्लीही सोबत लागेल.

या बाबतीत आपण मागासलेलेही नव्हतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईत देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्येच काढलं होतं. मेंडोटापेक्षा अठ्ठावन्न वर्षं आधी. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत २०२२ मध्ये अल्पवयीनांवरच्या गुन्हानोंदणीत महाराष्ट्र सगळ्या राज्यांत पुढे होता, चार हजारांवर. हा आकडा आत येणाऱ्यांचा आहे. मेंडोटाचा निकाल आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी वर्षानुवर्षं न्यायालयाच्या वह्या चाळून बाहेर पडलेल्यांचं काय झालं ते मोजलं. आपल्याकडे कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर मुलाची नोंद बहुतेक प्रकरणांत नष्ट करावी लागते. ती व्हावीच, त्या नोंदीने पुढे नोकरी आणि लग्न अडू नये. पण नाव पुसण्याआधी वय, गुन्हा, किती महिने उपचार झाले आणि दोन वर्षांत तो पुन्हा मंडळासमोर आला का, एवढे चार रकाने नावाशिवाय वेगळ्या वहीत उतरवता येतात. त्याला नवा कायदा लागत नाही. येरवड्यात एक कारकून आणि एक वही पुरेल.